निश्चय झाल्यावर विलंब कां?



उतावळेपणा हा दोष आहे हें सर्वांस ठाऊक आहे. गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्यास सारा गांव हंसतो. परंतु दुसराही एक दोष आहे. त्याला कोणी हंसत नाहीं, कारण तो शहाणपणाचा, कधीं कधीं भक्तीचाही, वेष घेऊन येतो. तो म्हणजे निश्चय झाल्यावरही केलेला विलंब.

पाऊस पडतांच शेतकरी चिखलांत तिफण घालीत नाहीं. वाफसा येईपर्यंत तो थांबतो. हें थांबणें योग्यच. पण वाफसा आल्यावरही जो ओट्यावर बसून राहील, त्याचें घर पुढें काय खाईल?

नहेम्याकडे पाहा. यरुशलेमेचा तट पडलेला आहे हें त्याला किसलेव महिन्यांत कळलें. नीसान महिना येईपर्यंत, म्हणजे सुमारें ४ महिने, त्यानें राजापाशीं शब्द काढला नाहीं. उपवास व प्रार्थना केली. पण राजानें विचारतांच त्याचें उत्तर तयार होतें: किती मुदत लागेल, कोणत्या सुभेदारांस पत्रें हवींत, लांकूड कोठून घ्यावें. यरुशलेमेस पोहोंचल्यावर त्यानें रात्रीं स्वतः तट पाहिला, मग लोकांस कामास लाविलें, आणि ५२ दिवसांत तट पुरा झाला.

आपल्या देशांतील पंडिता रमाबाईंचेंही असेंच. पुण्याच्या शारदासदनाच्या उत्पन्नासाठीं त्यांनीं विचारपूर्वक केडगांवास शेत घेऊन ठेविलें होतें. १८९६-९७ सालीं मध्य प्रांतांत दुष्काळ पडला. तरुणपणीं दुष्काळांतच आईबाप गमावलेल्या बाईंस उपासमार काय असते हें सांगावयास नको होतें. त्या स्वतः तिकडे गेल्या व निराधार मुलींस व विधवांस घेऊन आल्या. प्लेगाच्या भयामुळें अधिकारी त्यांस पुण्यांत राहूं देईनात, तेव्हां बाईंनीं त्यांस केडगांवच्या शेतावर नेलें. सर्व सोय झाल्यावरच जाऊं, असें बाई म्हणत्या, तर त्यांतील किती जणी वांचत्या?

याउलट फेलिक्स सुभेदार. पौलाचें बोलणें ऐकून तो भयभीत झाला, पण सोयीची वेळ पाहूं लागला. २ वर्षें लोटलीं, त्याच्या जागीं दुसरा आला, आणि पौल कैदेंतच राहिला. एकाच्या विलंबाचें ओझें असें दुसऱ्याच्या माथीं बसतें.

आमच्या मंडळ्यांतही हें दिसतें. भावाशीं बांधाचा तंटा मिटवावा, लग्नासाठीं कर्ज काढूं नये, मुलीचें शिक्षण मध्येंच तोडूं नये, असा प्रार्थनापूर्वक निश्चय होतो. मग जातभाई काय म्हणतील, ही भीति आड येते, व आम्ही म्हणतों, "अजून प्रार्थना करूं." ज्या प्रश्नाचें उत्तर देवानें दिलें, तोच प्रश्न पुन्हां त्याच्यापुढें नेणें ही प्रार्थना नव्हे, ती टाळाटाळ आहे. तोंवर भाऊ दुरावतो, मुलगी घरीं बसते.

कोणी म्हणेल, "चूक झाली तर?" पौल बिथुनियास जाण्याचा यत्न करीत होता, आत्म्यानें ती वाट अडविली, व पुढें मासेदोनियाची वाट दाखविली. ती दिसतांच तो लागलाच निघाला. जो चालत आहे त्याला देव वळवितो.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, विचार करण्याच्या काळीं घाई करूं नका, व दुसऱ्यांस करूं देऊं नका. पण ज्याचा निश्चय झाला आहे असें एक काम या आठवड्यांत हातीं घ्या, व आपल्या मंडळीसही तसेंच सांगा. प्रभु आपणां सर्वांस तें पुरें करण्याचें बळ देवो.