चूकभूल द्यावी घ्यावी

जुन्या मराठी हिशेबाच्या कागदावर शेवटी ‘चू. भू. द्या. घ्या.’ अशी अक्षरे असत. भोपाळच्या बाजारात तोच आशय ‘भूल-चूक लेनी-देनी’ या शब्दांत पावतीच्या तळाशी छापलेला आढळतो. ही ओळ इतकी परिचयाची आहे, की ती वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. वास्तविक घरखर्चाच्या पावत्या का जपाव्यात आणि कशासाठी तपासाव्यात, याचे उत्तर त्या चार शब्दांत आहे.

पावती तपासणे काहींना कोतेपणाचे वाटते. ज्या दुकानदाराशी वर्षानुवर्षांचा घरोबा, त्याच्या देखत आकडे पडताळणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे ते मानतात. आमचे मत निराळे आहे. विश्वास हेतूवर ठेवायचा असतो. बेरीज हा हेतूचा विषय नव्हे. सज्जन माणसाचाही हातचा राहून जातो. आता यंत्र बेरीज करते हे खरे, परंतु त्यात जुना भाव तसाच राहतो किंवा एकच पुडा दोनदा मोजला जातो. तपासणी चूक शोधते, चोर नव्हे.

आपल्या समाजाला तर हे सांगावे लागू नये. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, कुलकर्णी ही आपली आडनावेच हिशेबाच्या दप्तरातून आली आहेत. एकनाथांविषयी परंपरेने सांगितली जाणारी कथाही सर्वश्रुत आहे. देवगिरीवर गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागवली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली. ती पै येणे होती की देणे, याची चौकशी ही कथा सांगताना कोणी करीत नाही. आनंद लाभाचा नव्हता, हिशेब जुळल्याचा होता.

खरी कसोटी लागते ती चूक आपल्या फायद्याची असते तेव्हा. महिन्याचे वाणसामान घरी येते, पावती चाळताना ध्यानात येते की तेलाचा डबा मोजायचाच राहिला. आमच्या साकेत नगरातील घरांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक मत म्हणते, एवढ्या मोठ्या दुकानाला त्याचे काय? शिवाय त्यांनी आजवर आपल्याकडून जास्तीचे घेतलेच नसेल कशावरून? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु न सिद्ध झालेल्या येण्यापोटी सिद्ध झालेले देणे वळते करून घेणे कोणत्याही खतावणीत बसत नाही. आणि देणेकऱ्याचे कर्तव्य घेणेकऱ्याच्या श्रीमंतीने कमी होत नाही. दुकान मोठे असले तरी गल्ल्यावर बसणारा मुलगा पगारी असतो; माल आणि पैसा यांचा मेळ बसला नाही, तर पहिला जाब त्यालाच विचारला जातो.

कोणी तुकोबांचा दाखला देईल. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा आहे. मग आपण चिठोऱ्यांचा एवढा सोस का धरावा? पण तुकोबांनी बुडवले ते लोकांकडून येणे असलेले. स्वतःचे देणे नव्हे. भेद इथेच आहे. दोन रुपये जास्त गेले तर ते सोडून देण्याचा आपल्याला अधिकार आहे, त्यात औदार्यही आहे. दुसऱ्याचे दोन रुपये सोडून देण्याचा मात्र अधिकार नाही, कारण ते आपले नाहीत. म्हणून ‘घ्यावी’च्या बाबतीत सैल राहिले तरी चालेल, ‘द्यावी’च्या बाबतीत नाही.

याचा अर्थ आपला हक्क सोडावा असा नव्हे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. पावती न देणे ही या नव्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तक्रारीची मुदत साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तेवढा काळ तरी मोठ्या खरेदीचा कागद हाताशी असावा, आणि वस्तूची हमी अधिक काळाची असल्यास ती संपेपर्यंत. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, तेव्हा त्याची नक्कल काढून ठेवणे शहाणपणाचे. एम्सच्या परिसरात औषधे घेणाऱ्यांनी तर पावती टाकूच नये. तिच्यावरील उत्पादन-गटाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख पुड्याशी ताडून पाहावी.

मुलांना दुकानात पाठवताना आपण बजावतो, ‘पावती आण, नीट बघून घे, फसू नकोस.’ त्यांना यापुढे आणखी एक वाक्य सांगायला हवे : दुकानदाराचे काही आपल्याकडे राहिले आहे का, तेही बघ.