आठवतं तेवढ्यावरून शोध

शोधणाऱ्याला काही आठवत असतं, काही आठवत नसतं. एडिटरमध्ये शोधाची कोणती सोय करायची, हे या दोहोंच्या जमाखर्चावरून ठरवावं. प्लगिनांच्या याद्या चाळण्याआधी एवढा विचार केला, तरी बरीचशी निवड आपोआप होते.

व्हिमचं उदाहरण घेऊ. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या एडिटरच्या सगळ्या सवयी 'व्हिमआरसी' नावाच्या साध्या फाइलीत लिहून ठेवता येतात. समजा, उघड्या फाइलीतला शब्द आठवतो, ओळ तेवढी आठवत नाही. इथे प्लगिनची गरजच नाही. 'इन्कसर्च' चालू केलं की शब्द टाइप होता होताच पहिली जुळणी दिसू लागते. 'इग्नोरकेस'सोबत 'स्मार्टकेस' ठेवलं, तर स्मॉल अक्षरांतला शब्द कसाही लिहिलेला असला तरी सापडतो. आपण एखादं कॅपिटल घातलं, की मात्र काटेकोर जुळणी होते.

आता शब्द आठवतो, पण फाइल आठवत नाही. युनिक्सवर केन थॉम्पसन यांचं ग्रेप १९७०च्या दशकापासून हेच काम करतं. व्हिम त्याला आतूनच बोलावतो आणि सापडलेल्या जागा 'क्विकफिक्स' यादीत मांडतो. तिथून थेट त्या ओळीवर जाता येतं. ग्रेपच्या जागी अँड्र्यू गॅलंट यांचं रिपग्रेप नेमता येतं. ते वेगवान आहे, आणि त्या वेगाचा एक भाग न वाचण्यातून येतो. गिटइग्नोरमध्ये वगळलेल्या, नावाआधी टिंब असलेल्या आणि बायनरी फाइली ते मुळात धुंडाळतच नाही. रोजच्या कामाला हे सोयीचं आहे. पण हवी ती ओळ नेमकी टिंबवाल्या फाइलीत असेल, तर 'सापडलं नाही' हे उत्तर फसवं ठरतं. म्हणून काहीही न वगळता शोधणारी दुसरी कळही व्हिमआरसीत नेमून ठेवावी.

कधी फाइलीचं नावच अर्धवट आठवतं. जुनेगुन चोई यांचं एफझेडएफ अशा वेळी कामी येतं. अक्षरं सलग नसली तरी चालतात, क्रम तेवढा बरोबर हवा. 'यूझर कंट्रोलर' नावाच्या फाइलीसाठी यू, सी, टी, एल एवढ्या चार इंग्रजी अक्षरांवर ती समोर येऊ शकते.

मराठी मजकुराची अडचण आणखी निराळी. देवनागरीत कॅपिटल नाही, तेव्हा स्मार्टकेस इथे बसून राहतं. उलट 'दुसऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साधा शोध एकाला दुसरा मानत नाही. शब्द पक्का आठवतो; तो कोणत्या कीबोर्डवरून उमटला, ते कोणाच्याच लक्षात नसतं. दोन्ही रूपं एकदम शोधणारी छोटीशी सोय आपणच व्हिमआरसीत लिहावी लागते.

म्हणून दुसऱ्याची व्हिमआरसी जशीच्या तशी उचलून आणली, तर त्याच्या विसरण्यावरचे उपाय आपल्याकडे येतात. आपली फाइल कोऱ्यापासून सुरू करावी, आणि शोध फसला की आपल्याला नेमकं काय आठवत नव्हतं ते पाहून तेवढीच ओळ तिच्यात घालावी.