कर्ज कोणाचे?

'कर्ज' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल, अशी शंकाही येत नाही. मूळ शब्द अरबी; फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. त्याच्या धातूचा अर्थ 'कापणे'. कात्रीला असलेला 'मिकराज' हा शब्दही त्याच धातूचा. आपल्या धनातला एक तुकडा कापून गरजवंताला द्यायचा, ते कर्ज. इस्लामी परंपरेतले 'कर्ज-ए-हसना' तर बिनव्याजीच असते. म्हणजे या शब्दात आधी देणारा दिसतो, मग घेणारा.

शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी कर्ज, वसूल, बाकी हे शब्द लोकांच्या तोंडून हटले नाहीत. 'ऋण' तर आपल्याकडे होतेच. आईवडिलांचे, गुरूचे, समाजाचे ते ऋण आणि सावकाराचे ते कर्ज, अशी वाटणी झाली. ऋणी म्हणवून घेण्यात नम्रता, कर्जबाजारी म्हणवून घेण्यात लाज. देणाऱ्याकडचा अर्थ गळून पडला आणि घेणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे तेवढे शिल्लक राहिले.

या ओझ्याचा इतिहास दख्खनच्या कर्जरोख्यांत सापडतो. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू व्याज साचू नये हा. पण मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि त्या नव्या रकमेवर पुन्हा व्याज लावी. अक्षरओळख नसलेला कुणबी खाली अंगठा उठवी. अमेरिकेतले यादवी युद्ध 1865 मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला; त्यात शेतसारा वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी रोखे आणि खतावण्या जाळल्या.

त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा निमूट मान्य न करता व्यवहाराची चौकशी मुळापासून करावी, असे त्याने ठरवले. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैदही त्याने बंद केली. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियम तर मुंबई इलाख्यातली न्यायालये मानतच होती. या सगळ्यामागे विचार एकच होता: कर्ज हा दोघांचा व्यवहार आहे आणि देणाऱ्यालाही मर्यादा आहेत.

आज हा विचार पुन्हा ठासून मांडायला हवा. फोनवर काही मिनिटांत कर्ज मिळते. ते देताना घेणाऱ्याची ऐपत पाहिली जात नाही आणि हप्ता थकला की त्याची अब्रू काढली जाते. घेतलेले फेडावे, यात वाद नाही. पण न झेपणारे कर्ज गळ्यात मारणारा तितकाच जबाबदार धरला पाहिजे. कर्जबाजारी माणसाबद्दल बोलताना त्याला कर्ज कोणी, कोणत्या अटींवर दिले, हेही आपण विचारू या.