भाकीत करणाऱ्याचं काय जातं?

सध्या ज्याला त्याला भविष्य दिसू लागलं आहे. पिपरी मेघेतल्या कुठल्याही चहाटपरीवर दहा मिनिटं उभं राहावं. सोनं कुठवर जाणार, डॉलर किती चढणार, तिसरं महायुद्ध कधी पेटणार आणि कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाकोणाची नोकरी खाणार, हे सगळं फुकटात कळतं. सांगणाऱ्यांत इंजिनिअरिंगची पोरं असतात, निवृत्त मास्तर असतात आणि समृद्धी महामार्गामुळे दोन वर्षांत प्लॉटचे भाव दुप्पट होतील, असं छातीठोकपणे सांगणारे दलालही असतात. ऐकताना मनात एकच प्रश्न येतो. यातलं काही खोटं ठरलं तर सांगणाऱ्याचं काय जाणार आहे?

भविष्य वर्तवण्याची हौस आपल्या विदर्भाला नवी नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई, करंजी, पानविडा. रात्री तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं, काय नाहीसं झालं ते बघून वर्षाचं भाकीत होतं. धान्यावरून पीक, ढेकळांवरून पाऊस, पानविड्यावरून राजाची गादी, करंजीवरून देशाची तिजोरी, मसुरीवरून परकीय शत्रू. म्हणजे शेती, अर्थकारण आणि आंतरराष्ट्रीय राजकारण असा सगळा अभ्यासक्रम एका रात्रीत उरकतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यावर आक्षेप घेत आले आहेत आणि तो रास्त आहे. करंजी जागची हलली म्हणून देशाचा खजिना रिकामा होत नाही. पण हाच न्याय टीव्हीवरच्या सूटबूटवाल्या जाणकारांना का लावू नये? भेंडवळचे लोक निदान पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच माणसांपुढे उभे राहतात. जाणकार मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चॅनलवर दुसरंच सांगत असतात.

चुकीच्या अंदाजाची किंमत कोण मोजतं, हे कापूसवाल्या घरांना विचारावं. 2021-22च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पुढच्या हंगामात भाव उतरू लागले तेव्हा ‘थांबा, पुन्हा दहा हजार होणार’ हा निरोप मोबाइलवरून गावोगाव फिरत होता. लोक थांबले. कापूस घरात आला, खाटा ओसरीत गेल्या, माळ्यापर्यंत गंजी लागली. साठलेल्या कापसाने लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, वजन घटलं, रंग पिवळा पडू लागला, ठिणगीची धास्ती वेगळीच. शेवटी पेरणी तोंडावर आली आणि बियाण्याच्या पैशासाठी बऱ्याच जणांना सात हजारांच्या आसपास माल द्यावा लागला. निरोप पाठवणाऱ्याचा तोवर मोबाइल बदलला असेल, एवढंच.

इथे निदान थांबायचं की विकायचं हे शेतकऱ्याच्या हातात होतं. राज्यकर्ते भविष्याला घाबरतात तेव्हा तीही सोय उरत नाही. अमेरिकेतल्या पॅडॉक बंधूंनी 1967मध्ये पुस्तक लिहून भाकीत केलं की 1975पर्यंत मोठा दुष्काळ येणार आणि भारताला वाचवणं शक्य नाही. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येला बॉम्ब म्हटलं. दुष्काळ तसा आला नाही. गव्हाच्या नव्या वाणांनी आणि आपल्या शेतकऱ्यांनी ते भाकीत खोटं पाडलं. पण त्या भीतीने आपलं काम केलंच. आणीबाणीत, एकट्या 1976 सालात, देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या कितींना ‘नको’ म्हणण्याची मुभा होती, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच त्या वर्षी संमत केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. पुस्तकं लिहिणाऱ्यांची नावं मोठी झाली, शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र आपल्याकडचा गरीब माणूस झोपला.

मग भविष्याबद्दल बोलूच नये का? तसं म्हणणाऱ्याने वर्ध्यात राहू नये. या शहराच्या आसपासच्या दहा किलोमीटरांत भारताच्या भविष्याविषयी जेवढा विचार झाला, तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा बसत. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस 1934मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार बघण्यासाठी इथे येऊन राहिला. कोळसा आणि तेल यांसारख्या संपणाऱ्या साठ्यांवर उभं राहिलेलं अर्थकारण माणसांना एकमेकांशी लढायला लावेल, असं त्यांचं म्हणणं होतं. तुरुंगात लिहून झालेला त्यांचा ग्रंथ 1945मध्ये आला. त्यानंतर तेलापायी झालेल्या लढाया मोजायला दोन हातांची बोटं पुरायची नाहीत.

गांधीजींनी 5 ऑक्टोबर 1945 रोजी नेहरूंना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. भारताला आणि भारतामुळे जगाला खरं स्वातंत्र्य मिळायचं असेल, तर आज ना उद्या लोकांना खेड्यांत, झोपड्यांत राहावं लागेल, असा त्याचा आशय. नेहरूंनी चारच दिवसांत उत्तर पाठवून ते चित्र आपल्याला पटत नसल्याचं स्पष्ट कळवलं. कोण बरोबर निघालं? आमची पिपरी मेघेच बघा ना. नावाला ग्रामपंचायत, पण शेतं जाऊन ले-आऊट पडले, आणि पिपरी कुठे संपते नि वर्धा कुठे सुरू होतं हे नव्या माणसाला कळत नाही. लोक शहराकडेच गेले. गांधीजींचं ते चित्र प्रत्यक्षात उतरलं नाही. विनोबांचंही तसंच. 1957पर्यंत पाच कोटी एकर भूदान मिळवण्याचं उद्दिष्ट होतं. पदरात पडली बेचाळीस लाख एकरांच्या आसपास, आणि त्यातलीही बरीच जमीन कसण्याजोगी नव्हती किंवा वाटली गेली नाही.

तरीही मी या तिघांचा शब्द टपरीवरच्या भाकितांच्या रांगेत बसवणार नाही. कारण त्यांनी भविष्य सांगितलं आणि त्याचा पहिला हप्ता स्वतः भरला. खेड्यात राहा असं सांगणारे गांधीजी 1936मध्ये सेगावच्या (आजच्या सेवाग्रामच्या) मातीच्या झोपडीत राहायला गेले आणि तिथल्या हिवतापाने आजारीही पडले. पैशाची पकड माणसाला पेलवणार नाही असं म्हणणाऱ्या विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला, हातात कुदळ घेतली आणि पुढे तेरा वर्षं पायी देश पालथा घातला. त्यांचा अंदाज चुकला तेव्हा पाय त्यांचे दुखले होते, कोणा अनोळखी शेतकऱ्याचं घर बसलं नव्हतं. आणि हट्टही आंधळा नव्हता. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बसवलेला टेलिफोन होता. आजही तो बघायला मिळतो. कामाचं यंत्र त्यांनी नाकारलं नाही.

या कसोटीवर मीही दोन भाकितं करून मोकळा होतो. पहिलं असं, की येत्या दहा वर्षांत डेटा एंट्री, हिशेबाच्या नोंदी, भाषांतर आणि प्रोग्रामिंगची पहिली पायरी ही कामं यंत्राकडे झपाट्याने जातील. रुग्णाला कुशीवर वळवणारा, वायरिंगचा बिघाड शोधणारा, म्हाताऱ्यांना वेळेवर औषध देणारा माणूस लागतच राहील. घरातल्या नातीला मी नर्सिंग सुचवलं, तेव्हा पहिल्या वर्षाची फी माझ्याकडून, हेही सोबत सांगितलं. सल्ला द्यायचा तर खिशात हात घालून द्यावा.

दुसरं भाकीत कापसाचं. यापुढे वर्ध्याच्या जिनिंगमधला भाव पावसाइतकाच वॉशिंग्टन आणि दिल्लीत ठरेल. त्याची चुणूक दिसलीच आहे. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर पन्नास टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं अकरा टक्के आयातशुल्क माफ केलं, आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येण्याच्या वेळी. कापड गिरण्या जगाव्यात हा हेतू खरा असेलही. पण गिरण्यांच्या भविष्यासाठी घेतलेल्या निर्णयाचा भार लांब धाग्याच्या कापसाला 2025-26साठी जाहीर झालेल्या 8,110 रुपयांच्या हमीभावाकडे डोळे लावून बसलेल्या माणसावर पडत असेल, तर तो भरून देण्याची तजवीज त्याच आदेशात हवी. नंतर मदतीची घोषणा करणं हा त्याला पर्याय नाही.

भविष्य कोणालाच दिसत नाही, म्हणून चुकण्याला मी दोष देत नाही. आपल्या अंदाजावर दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची नोकरी, दुसऱ्याचं शरीर पणाला लावणं हा मात्र अपराध आहे, मग तो मोबाइलवरच्या निरोपातून होवो की सरकारी आदेशातून. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला उद्याचं जग समजावून सांगू लागला, तर त्याची पदवी विचारू नका, आकडेही विचारू नका. एवढंच विचारा: खोटं ठरलं तर भरणार कोण? उत्तरात ‘तुम्ही’ असं येत असेल, तर चहाचे पैसे द्या आणि आपल्या कामाला लागा.