ट्रक दहा सेकंद आधी गेला असता तर

चिकलठाण्याहून मुंबईच्या विमानात खिडकीची जागा मिळाली, की माझी नजर धावपट्टीच्या टोकाकडे जाते.

२६ एप्रिल १९९३ च्या दुपारी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ इथूनच मुंबईला निघालं. जमीन सुटली, पण पुरेशी उंची मिळाली नाही. धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान त्याला धडकलं, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. ११८ जणांपैकी ५५ जण गेले. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं. आणि विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती.

नाक उचलणं हा काही सेकंदांचा खेळ असतो. ठरलेला वेग आला की सहवैमानिक ‘रोटेट’ म्हणतो आणि वैमानिक कंट्रोल कॉलम मागे ओढतो. तेव्हा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. एक सेकंद उशीर म्हणजे सत्तरेक मीटर धावपट्टी संपली. त्यात आपल्याकडची एप्रिलची दुपार! हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो.

पण समजा, ट्रक दहा सेकंद आधी निघून गेला असता. वैमानिकांचे हात तेच, उशीरही तोच. विमान कदाचित रस्ता ओलांडून गेलं असतं आणि तासाभरात सगळे मुंबईत टॅक्सी शोधत असते. मग चूक केवढी मोजायची? त्या उशिराएवढी, की ५५ माणसांएवढी?

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी या कोड्याला ‘मॉरल लक’ म्हटलं. आपण त्याला नैतिक नशीब म्हणू. नेगल यांचं एक उदाहरणही ट्रकचंच आहे. ब्रेक तपासायचे राहून गेलेला ड्रायव्हर. रस्त्यात मूल आलं नाही तर चूक किरकोळ, आलं तर आयुष्यभराची.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, ऑफिसात कळलं. एका रात्री मी टेस्ट न करता कोड प्रॉडक्शनवर टाकला. एक अट राहिली होती, त्यामुळे पेमेंट दोनदा कापलं जाऊ शकत होतं. पहाटे लक्षात आलं. तोवर एकही ग्राहक फिरकला नव्हता. गुपचूप दुरुस्त केलं, कुणाला बोललो नाही. काही महिन्यांनी टीममधल्या नव्या मुलानं नेमकी तीच चूक भर दुपारी केली. मीटिंगमध्ये त्याला सगळ्यांदेखत झापलं. मी माइक म्यूट करून बसलो होतो.

विमान चालवणाऱ्यांनी यावर एक उपाय शोधलाय. १९७६ मध्येच अमेरिकेत नासानं एक व्यवस्था सुरू केली. काहीही नुकसान झालेलं नसताना वैमानिक स्वतःहून कळवतो की आज माझं हे चुकलं. नाव-गाव काढून टाकलं जातं आणि ती चूक बाकीच्यांना वाचायला मिळते. म्हणजे जो ट्रक रस्त्यावर नव्हता, तोही तिथे होता असं धरायचं.

ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना हा हिशेब सांगायला मी जाणार नाही. त्यांच्यासाठी परिणाम हाच सगळा हिशेब आहे, आणि तो बरोबरच आहे. पण ज्या दिवशी आपण सहीसलामत सुटतो, त्या दिवशी तरी नशिबाला कौशल्य म्हणू नये.

परवा त्या मुलाला फोन करून माझी रात्र सांगितली. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, हे तेव्हा मीटिंगमध्ये बोलायचं होतंस.”

खरं आहे. उशीर झालाय, पण निदान इथे नोंद करून ठेवतोय.