आवाजाला कुंपण

मागच्या दिवाळीत धाकट्या बहिणीकडे पुण्याला गेलो होतो. भाऊबीज झाली, फराळाचे ताट दोनदा भरून दोनदा रिकामे झाले, आणि आता जरा आडवे व्हावे अशा विचारात होतो, तोच तिच्या सोसायटीचे चेअरमन दारात उभे राहिले. "गुरुजी, तुम्ही कोयनानगरचे. झाडाझुडपांतली माणसं. आमच्या बागेत रस्त्याच्या आवाजानं बसवत नाही हो. काही उपाय सुचवा," ते म्हणाले.

वास्तविक माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. बागेविषयी कोणी मला विचारावे असा माझा काहीच अधिकार नाही. पण 'कोयनेचे' असे कोणी म्हटले, की आम्हां लोकांना उगाचच धरणाएवढी उंची आल्यासारखे वाटते. मी चपला घातल्या आणि खाली उतरलो.

बाग म्हणजे इमारत आणि रस्ता यांच्यामधली पन्नासएक फूट रुंदीची पट्टी. मधोमध हिरवळ, चहूकडून फरशीची वाट, रस्त्याच्या कडेला शिपायांसारखी उभी केलेली उंच अशोकाची रांग, आणि सिमेंटची चार बाके. एका बाकावर दोन वृद्ध गृहस्थ एकमेकांवर ओरडत होते. मला वाटले, सणासुदीचे भांडण लागले. जवळ गेल्यावर कळले, की एकजण दुसऱ्याला आपल्या नातवाचे कौतुक सांगत होता! बस, रिक्षा आणि कर्णे यांच्या वरताण झाल्याशिवाय तिथे कौतुकसुद्धा करता येत नव्हते. भाच्याने मोबाइल काढून आवाज मोजला. आकडा सारखा ७० आणि ७५ च्या मध्ये नाचत होता. २००० सालच्या सरकारी नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वाचकाला वाटेल, ५५ च्या जागी ७५, म्हणजे थोडे जास्त. पण हे माप रुपये-आण्यांसारखे सरळ चालत नाही. दहाने आकडा वाढला, की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. विसाने वाढला तर चौपट.

"एवढी झाडं लावली, तरी आवाज येतोच," चेअरमन म्हणाले. त्यांच्या बोलण्यात झाडांनी विश्वासघात केल्याचा सूर होता.

झाडांची बाजू घेणे मला भाग होते. आवाज हा मोठा लवचीक प्राणी आहे. अशोकाच्या एका रांगेतून तो चाळणीतून पाणी जावे तसा निघून जातो. पाने अडवतात ती बहुतेक बारीक, तीक्ष्ण स्वराची बाजू. बसगाडीच्या इंजिनाची जाड घरघर त्यांना दाद देत नाही. झाडांनीच आवाज कमी करायचा म्हटले, तर शंभर फूट रुंदीची दाट राई हवी, आणि तीही जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेली: खाली अडुळशा-मेंदीसारखी झुडपे, वर बकुळ, जांभूळ, आंबा अशी बारमाही पानांची झाडे. एवढे केल्यावर पदरात काय पडते? पाच ते आठ डेसिबल. गुलमोहराची कितीही हौस असली, तरी ऐन गरजेच्या दिवसांत तो उघडाबोडका होऊन उभा राहतो. आमच्या कोयनेच्या जंगलात शंभर पावले आत शिरले की घाटातल्या मालमोटारी ऐकू येईनाशा होतात, त्याचे कारण हेच. तिथे वर जांभूळ-हिरडा, खाली कारवीची गर्दी, आणि पायाखाली वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याने मऊ झालेली माती असते. ती माती आवाज पिऊन टाकते. फरशी मात्र आवाज चेंडूसारखा परत उडवते. सोसायटीने वाटेवर फरशी घालून आपल्याच शत्रूला रस्ता करून दिला होता.

झाडे कुचकामी असतात असे मात्र मी म्हणणार नाही. पानांच्या सळसळीने कानाला दुसरे काहीतरी ऐकायला मिळते, आणि हा उपकार लहान नाही. दुसऱ्या दिवशी बहीण मला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेली. जपानमधल्या ओकायामा शहरात तीनशे वर्षांपूर्वीचे कोराकुएन नावाचे उद्यान आहे. त्याच्या धर्तीवर २००६ साली पुणे महापालिकेने ही दहा एकरांची बाग केली. बाहेर रस्त्यावर पुण्याची नित्याची धुमश्चक्री. आत शिरून दोन वळणे घेतली, एक चढ चढलो, आणि वाहत्या पाण्याचा आवाज कानी आला. कर्णे बंद झाले नव्हते. लक्ष देऊन ऐकले की ते ऐकू येत. पण लक्ष द्यावेसे वाटत नव्हते.

या युक्तीचा कळस न्यूयॉर्कमध्ये आहे म्हणतात. पेली पार्क नावाची ती बाग आपल्या चार गुंठ्यांतही मावेल. ऐन गजबजलेल्या रस्त्यावर, पण मागच्या भिंतीवरून वीस फुटांचा धबधबा सोडला आहे. त्याच्या घोषात शहर बुडून जाते. ती १९६७ च्या मे महिन्यात उघडली. आमच्याकडे त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला, आणि कोयनानगरच्या लोकांना जमिनीचा आवाज ऐकावा लागला. हा योगायोग निव्वळ तारखांचा आहे, पण १९६७ हे साल वाचले की आमच्या गावचा माणूस थांबतोच.

आता प्रश्न असा, की आवाजावर दुसरा आवाज पांघरायचा, ही फसवणूक नव्हे काय? बाकावर बसलेल्याला वाटते शांतता आहे. प्रत्यक्षात एकूण आवाज वाढलेलाच असतो. मी यावर पुष्कळ विचार केला. लहानपणी माझ्या पायात काटा रुते, तेव्हा आई सुईने तो काढताना काहीतरी गुणगुणत असे. तिच्या गुणगुणण्याने काट्याची वेदना कमी होत नव्हती. माझे ध्यान तेवढे दुसरीकडे जाई. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. आई काटा काढत होती, हे महत्त्वाचे. काटा तसाच ठेवून नुसती गुणगुणत राहिली असती, तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण पाण्याची नव्हती, भिंतीची होती. चेअरमनांनी माझ्याकडून झाडांची नावे लिहून घेतली, आणि मग हळूच सांगितले, की कमिटीच्या मनात रस्त्याच्या बाजूने बारा फुटांची सिमेंटची भिंत घालायचे आहे. उपाय शास्त्रोक्त होता. बाकावर बसलेल्या माणसाच्या आणि गाडीच्या मध्ये काहीतरी भरीव, फट नसलेले उभे राहिले, तर आवाजाला वरून वळसा घालावा लागतो आणि तो चांगलाच दमतो. पण भाचा इंजिनियरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, गुळगुळीत भिंतीवर आपटलेला आवाज जातो कुठं? समोर." समोर, रस्त्यापलीकडे, एक बैठी चाळ आहे. एकेका खोलीत पाच-सहा माणसे. त्यांची दारे थेट रस्त्यावर उघडतात. "किती वाढेल त्यांचा आवाज?" मी विचारले. "फार नाही. दोन-तीन डेसिबल. कदाचित त्यांना कळणारही नाही."

मी चेअरमनांना हे सांगितले. गृहस्थ सज्जन, पण हजरजबाबी. ते म्हणाले, "गुरुजी, रस्त्याचा आवाज आम्ही रस्त्याला परत केला. त्यात आमचं काय चुकलं?"

मला उत्तर सुचले नाही. एस.टी. कराडला थांबली, पाटण मागे पडले, कोयनेचा काठ लागला, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. दोन-तीन डेसिबल म्हणजे काय? कोणाची झोप मोडत नाही, कोणी बहिरा होत नाही. ज्याला कळणार नाही त्याचे आपण काय बिघडवले? आपली बाके शांत झाली, ही मिळकत उघड दिसते. पलीकडे झालेला तोटा कुठल्या वहीत मांडायचा?

आमच्याकडे धरणासमोर नेहरू उद्यान आहे. तिथे येणारा पाहुणा धरणाकडे पाहतो, डोंगरांकडे पाहतो आणि हमखास म्हणतो, "किती शांत आहे हो इथं!" पूर्वी हे ऐकून मला बरे वाटे. हल्ली आईची आठवण होते. ती आठ वर्षांची असताना तिचे गाव शिवसागराच्या पाण्यात गेले. धरण पुरे झाले १९६४ साली. पाणी त्याआधीच चढू लागले होते. गावातली काही घरे सोलापूरच्या माळावर गेली, काही ठाणे जिल्ह्यात, काही वरच्या डोंगराला सरकली. जलाशयाची शांतता पाहुण्यांना दिसते, आणि ती खोटी नाही. पण तिच्या खाली जाती होती, पहाटेचे कोंबडे होते, देवळातली घंटा होती. आजच्या घडीला कोयनेवर सुमारे १९६० मेगावॅट वीज होऊ शकते. तिने किती घरे उजळली, किती कारखाने चालवले, हे मला मान्य आहे. माझ्या कादंबऱ्याही मी तिच्याच उजेडात लिहिल्या. धरण बांधायला नको होते असे आईसुद्धा म्हणत नाही. तिचे म्हणणे एवढेच, की बांध आमच्या रानावर पडला, तर त्याची भरपाई आम्हांला कोणी मागायला लावू नये.

आणि इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी घरात अजून सांगितलेली नाही. २०१८ साली धरणग्रस्त कोयनानगरात ठिय्या देऊन बसले. साठ वर्षांत न मिळालेल्या जमिनींचा प्रश्न होता. दिवसामागून दिवस गेले. घोषणा वाऱ्यावर येत. मी वर्गात मुलांकडून वस्तुचित्र काढून घेत होतो. टेबलावर तांब्या आणि दोन पेरू मांडले होते. घोषणा सुरू झाल्या की मुलांच्या माना खिडकीकडे वळत. मी उठलो आणि खिडकी लावून घेतली. चित्राला एकाग्रता लागते, असे मी स्वतःला सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, माझी आजी हाय तिथं." मी त्याला गप्प बसवले. माझी आईही तिथेच होती, हे मला ठाऊक होते.

संध्याकाळी ती घरी आली. पाय चेपून घेता घेता तिने विचारले, "आमचा आवाज येत हुता का रं साळंत?"

"येत होता," मी म्हणालो.

ते खोटे नव्हते. खिडकी लावण्यापूर्वी येतच होता.

चेअरमनांच्या भिंतीचे उत्तर मला त्या खिडकीत सापडले. सगळेच आवाज सारखे नसतात. कर्ण्याचा कर्कश आवाज आणि माणसाची हाक यांतला फरक भिंतीला कळत नाही. ती दोन्ही परत पाठवते. माणसाला तो कळू शकतो, म्हणून भिंत घालण्यापूर्वी पलीकडे कोण आहे हे पाहण्याचे काम माणसाचे. शांतता हवीशी वाटण्यात पाप नाही. आजारी, म्हातारी, अभ्यास करणारी, तान्ही, सगळ्यांना ती हवी. दिवाळीत फटाक्यांवर कोर्टांनी वेळेचे निर्बंध घातले, ते याच माणसांसाठी. आणि ते पाळताना आपल्याला केवढे जड जाते! पण ज्याला शांतता हवी त्याने तिची किंमत आपल्या जागेतून द्यावी. ती समोरच्या चाळीच्या नावावर टाकू नये, मग रक्कम दोन डेसिबलची का असेना.

मी चेअरमनांना पत्र लिहिले. भिंतीऐवजी मातीचा बांध घाला, असे सुचवले. माती आवाज अडवते, थोडा पिते, आणि उताराला लागलेला आवाज समोर न जाता आभाळाकडे जातो. बांधावर खालपासून दाट झुडपे, वर बकुळी. फरशी उखडून मुरमाची वाट. आणि बाकांच्या पाठीशी पाण्याची लहानशी धार. एक खोटही प्रामाणिकपणे लिहिली. सहा फूट उंचीचा बांध घालायचा, तर पायथ्याला चोवीस-पंचवीस फूट जागा जाते. म्हणजे तुमची निम्मी हिरवळ गेली.

पुष्कळ दिवस उत्तर नाही. माझी खात्री झाली, की पत्र केरात गेले. मग एका रविवारी बहिणीचा फोन आला. कमिटीत दोन तट पडले होते. भिंतवाले आणि बांधवाले. तीन सभा झाल्या, एकीत चहासुद्धा कोणी घेतला नाही. शेवटी सिमेंटचे भाव ऐकून भिंतवाले नरमले, असे तिचे म्हणणे. माझ्या पत्राचा त्यात किती वाटा होता हे मी विचारले नाही. मातीचे ट्रक येऊन पडले, बांध उभा राहिला, झुडपे अजून गुडघ्याएवढी आहेत.

"मग आता शांत वाटतं का गं?" मी विचारले.

"कसलं शांत, दादा! रस्त्याचा आवाज कमी झालाय, ते खरं. पण त्या उतारावर आपल्या बिल्डिंगमधली आणि समोरच्या चाळीतली पोरं सकाळपासून पोत्यावर बसून घसरगुंडी खेळतात. काय तो कालवा! चेअरमन रोज हाकलायला जातात."

"मग जातात का पोरं?"

"कुठली जातात! परवा त्यांचाच नातू सगळ्यांच्या पुढं होता."