वारसा घेणाऱ्याचे ऋण

कोणत्या परक्याला देशात येऊन राहू द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या देशाचाच, हे आज जवळजवळ सर्व राष्ट्रे गृहीत धरतात. या अधिकाराला मर्यादा कोणती, याविषयी मात्र तत्त्वचिंतकांत एकमत नाही. मायकेल वॉल्झर यांनी १९८३ च्या ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ या ग्रंथात मांडले की, आपल्यात कोणाला घ्यायचे हे समुदायाला ठरवता आले नाही, तर त्याला स्वतःचे असे रूपच उरणार नाही. जोसेफ कॅरन्स यांनी १९८७ मध्ये याच्या उलट बाजू घेतली. श्रीमंत देशाचे नागरिकत्व हा सरंजामशाहीतल्या जन्मसिद्ध मानापानासारखाच विशेषाधिकार आहे आणि जन्माच्या योगायोगावर उभ्या असलेल्या अधिकाराला न्यायाचा आधार सापडत नाही, असे ते म्हणतात. या वादात दाराशी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा पूर्णपणे अनोळखी समजला जातो. प्रत्यक्षात तो तसा क्वचितच असतो. त्याच्या आजोबांवर त्याच देशाने राज्य केलेले असते, त्याच्या वडिलांनी त्या देशाच्या सैन्यात नोकरी केलेली असते, किंवा त्याच्या खिशात त्याच देशाने दिलेला पासपोर्ट असतो. अशा जुन्या संबंधाला प्रवेशाच्या निर्णयात वजन असावे का, हा येथे प्रश्न आहे.

‘ऐतिहासिक संबंध’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली वंशाची: येणारा आपल्याच रक्ताचा, आपल्याच धर्माचा, शतकांपूर्वी दूर गेलेला भाऊबंद. दुसरी व्यवहाराची: एका राज्याने दुसऱ्या भूमीवर सत्ता गाजवली, तिथल्या माणसांना हलवले, राबवले, वचने दिली. पहिलीला नाते म्हणता येईल, दुसरीला ऋण. धोरणकर्ते या दोहोंची सरमिसळ करतात आणि बहुतेक अन्याय तिथूनच सुरू होतो.

ब्रिटनचा अनुभव याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने ब्रिटन आणि त्याच्या वसाहती यांचे एकच सामाईक नागरिकत्व निर्माण केले. कॅरिबियन बेटांतून आणि दक्षिण आशियातून कामगार येऊ लागले, तसा विरोध वाढला आणि १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील लोकांवर परवान्यांची अट घातली. ज्यांचे पासपोर्ट थेट लंडनच्या सरकारने दिलेले होते त्यांना मात्र ही अट लागू नव्हती. या सवलतीत पूर्व आफ्रिकेतले हजारो आशियाई बसत होते. त्यांची तिथली वस्ती साम्राज्याच्या छायेतच वाढली होती. युगांडा रेल्वे बांधण्यासाठी १८९६ पासून सुमारे ३२ हजार मजूर ब्रिटिश हिंदुस्थानातून नेण्यात आले. त्यातले बरेच परतले. पण त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी गेले आणि सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करायला गोमंतकीय गेले. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाल्यावर या लोकांना नव्या देशाचे नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. अनेकांनी ते घेतले नाही आणि ब्रिटिश पासपोर्टवर विसंबून राहिले. १९६७ मध्ये केनियाने परकीयांवर कामाच्या परवान्याची सक्ती केली, तेव्हा ते ब्रिटनकडे निघाले.

ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने मार्च १९६८ च्या सुरुवातीस नवा कायदा केला. तो संसदेत अवघ्या तीन दिवसांत मंजूर झाला. वसाहतींच्या या नागरिकांपैकी ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मले होते किंवा तिथे नागरिक झाले होते, त्यालाच मुक्त प्रवेश राहिला. नैरोबीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याचा मुलगा या अटीत सहज बसत होता, त्याच शहरातला शिंपी किंवा कारकून बसत नव्हता, आणि पासपोर्ट दोघांचे सारखेच होते. कुटुंबप्रमुखांसाठी सुरुवातीला वर्षाला दीड हजार परवाने ठेवले गेले. काही माणसे नुसती एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर फिरत राहिली. या कायद्याने ऋण पुसले आणि त्याच्या जागी नाते बसवले. राज्याने स्वतःच्या मोहोरेनिशी दिलेले वचन रक्ताच्या नात्याने बाद ठरवले, हे त्याचे खरे स्वरूप. युरोपीय मानवाधिकार आयोगाने १९७३ मध्ये वांशिक भेदभावाने झालेली ही वागणूक मानहानिकारक ठरवली. तो अहवाल दोन दशके प्रसिद्ध झाला नाही. त्याआधीच १९७१ च्या कायद्याने हेच वंशाचे सूत्र पक्के केले होते. तो कायदा १ जानेवारी १९७३ रोजी लागू झाला, आणि त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायाचा सदस्य झाला.

ऋणाच्या कल्पनेवर एक गंभीर आक्षेप आहे. आज मँचेस्टरमध्ये कर भरणाऱ्या माणसाने कोणाला गुलाम केले नाही, कोणाची जमीन घेतली नाही. पूर्वजांच्या कृत्याचा भार त्याच्यावर का पडावा? याचे उत्तर भारतीय परंपरेत फार जुने आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय सांगतो की, जो वारसा घेतो त्याने ऋणही फेडावे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेने हा विचार सविस्तर मांडला आणि तो महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात कायदा म्हणून चालला. तिथे वारसाला गुन्हेगार मानलेले नाही. मालमत्ता आणि देणे यांची गाठ सुटत नाही, एवढेच म्हटले आहे. बंदरे, बँका, विद्यापीठे, जगभर चालणारी भाषा हा वारसा घेतलेल्या समाजाला देण्याचे कागद तेवढे परके म्हणता येत नाहीत. राज्यसंस्था तर मरतही नाही. जुने तह, जुनी कर्जे, जुन्या सीमा ती आपल्याच मानते.

सेवेतून निर्माण होणारे ऋण सर्वांत निर्विवाद असायला हवे. तरीही फ्रान्सने ते नाकारले. अल्जीरियाच्या युद्धात फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेल्या स्थानिक मुसलमान सैनिकांना हार्की म्हणत. १९६२ मध्ये युद्ध संपल्यावर त्यांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि त्यांना फ्रान्समध्ये आणू नये असे आदेश निघाले. मागे राहिलेल्यांपैकी हजारो मारले गेले. जे पोहोचले त्यांतल्या अनेकांना वर्षानुवर्षे छावण्यांत ठेवले गेले. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांची क्षमा मागितली, तेव्हा मधे जवळजवळ साठ वर्षे गेली होती.

नात्याच्या दाव्याचे स्वरूप निराळे. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने पूर्व युरोपातल्या जर्मनवंशीयांना दार उघडे ठेवले, तर १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांच्या जर्मनीतच जन्मलेल्या मुलांना २००० सालापर्यंत जन्माने नागरिकत्व नव्हते. छळ झालेल्या समूहाला आश्रय म्हणून नात्याचा दावा समजण्यासारखा आहे. इस्राएलचा १९५० चा परतीचा कायदा ज्यूंच्या संहाराच्या पार्श्वभूमीवर झाला. पण नात्याला नेहमी पारख करणारा लागतो, आणि पारख करणारा चुकतो. कोकणातल्या बेने इस्राएलांनी ते अनुभवले. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटले, अशी त्यांची परंपरा. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. इस्राएलने त्यांना ज्यू म्हणून प्रवेश दिला. मात्र १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने अन्य ज्यूंशी त्यांचे विवाह लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. इतकी शतके दूर राहिलेल्यांनी विवाह आणि घटस्फोटाचे धर्मनियम नीट पाळले असतील का, अशी शंका त्यामागे होती. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये निदर्शने झाली आणि संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. ज्यांच्या धर्मनिष्ठेची ओळख कोकणातल्या त्यांच्या शेजाऱ्यांना नावापासून पटलेली होती, त्यांना ती स्वधर्मीयांपुढे सिद्ध करावी लागली.

गोव्याचे उदाहरण या दोन्हींच्या मधले आहे. पोर्तुगीज सत्ता तिथे १५१० ते १९६१ अशी टिकली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगाल नागरिक मानतो. हा हक्क व्यवहाराच्या इतिहासातून आला, पण चालतो वंशाने: ज्याच्या आजोबांच्या जन्माची नोंद सापडते त्याला तो मिळतो. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर या पासपोर्टवर हजारो गोमंतकीय स्विंडन आणि साउथहॉलमध्ये स्थायिक झाले. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे त्यांनी भारतीय नागरिकत्व गमावले. हे ऋण किती पिढ्या चालावे? स्पेनने १४९२ मध्ये हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना २०१५ च्या कायद्याने मुदतीपुरता नागरिकत्वाचा मार्ग उघडला. पाच शतकांनंतरच्या अशा कृतीला प्रायश्चित्त म्हणून किंमत आहे, पण तिला नातवाच्या दाव्याइतके बळ देणे कठीण. अन्यायाचे परिणाम जोवर जिवंत माणसांच्या आयुष्यात दिसतात तोवर ऋण जिवंत, हे माप पिढ्या मोजण्यापेक्षा अधिक न्याय्य आहे.

इतिहासाला वजन दिले की एक धोकाही येतो. ज्याचा कोणत्याच श्रीमंत राष्ट्राशी जुना संबंध नाही अशा निर्वासिताने जायचे कुठे? इमॅन्युएल कांटने १७९५ च्या ‘शाश्वत शांतता’ या निबंधात किमान मर्यादा आखून दिली: परक्याला परत पाठवता येते, पण त्याचा नाश होणार नसेल तरच. १९५१ च्या निर्वासित कराराचा गाभाही हाच आहे, आणि त्यात इतिहासाची अट नाही. म्हणून जिवाच्या धोक्याचा दावा पहिला, ऋणाचा त्यानंतरचा आणि नात्याचा सर्वांत शेवटी लागतो. ऋण फेडले म्हणून निर्वासिताला नाकारण्याची मुभा मिळत नाही.

ऋण मान्य झाल्यावरही ते कोणाला लागू, हा तपशील उरतोच. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनकडे सोपवण्यापूर्वी ब्रिटनने तिथल्या अनेक रहिवाशांना एक दुय्यम राष्ट्रीयत्व दिले, ज्यात ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता. तिथली दडपशाही वाढल्यावर जानेवारी २०२१ अखेर अशा लोकांसाठी वास्तव्याचा आणि पुढे नागरिकत्वाचा मार्ग उघडण्यात आला. हस्तांतरणानंतर जन्मलेले आणि आता सज्ञान झालेले तरुण, म्हणजे आंदोलनात पुढे असलेली पिढी, आईवडिलांसोबत येत नसतील तर त्यातून सुटत होते. त्यांना स्वतंत्रपणे अर्ज करण्याची परवानगी नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस मिळाली.